अनुभव धागा : क्लबच्या मजेच्या स्पर्धेतला तुमचा दिवस

रविवारी आमच्या गोल्फ क्लबात दोरीची स्पर्धा झाली. तेव्हापासून डोक्यात तीच घोळते आहे, म्हणून हा धागा.

ज्याचा जितका हँडिकॅप (कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सूट, नवख्याला जास्त), त्याला तितके फूट दोरी. बॉल अडचणीत पडला की उचलून हवा तिथे ठेवायचा. त्याचा स्ट्रोक (फटका) धरायचा नाही, पण जेवढा हलवला तेवढी दोरी कापून टाकायची. मला 22 फूट मिळाली. पहिल्याच होलवर बॉल झाडाच्या बुंध्याला चिकटला आणि तीन फूट गेली. चौथ्यावर पट (होलकडे हळूच घरंगळवलेला फटका) होलच्या तोंडाशी येऊन थांबला. चार बोटं दोरी कापली, बॉल आत! तेव्हा हिशेब उलगडला. झाडीतून सुटायला तीन फूट लागतात आणि वाचतो एकच स्ट्रोक. होलच्या काठावर तोच स्ट्रोक चार बोटांत वाचतो. मग बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) दोनदा गेलो तरी दोरीला हात लावला नाही, सँड वेजनेच (वाळूतून बॉल काढायच्या स्टिकनेच) बाहेर आलो. अठराव्याला वीतभर दोरी शिल्लक आणि पट हातभर लांब. मारला, गेला. ती वीतभर दोरी बॅगेला बांधून ठेवली आहे.

असा स्कोअर हँडिकॅपसाठी धरत नाहीत आणि धरूही नये. पण एकेका फुटाचा इतका विचार मी एरवी कधी केला नव्हता.

तुमच्याकडेही असे दिवस होत असतील. नंबर आला की नाही ते राहू द्या, काय घडलं ते सविस्तर लिहा. नवीन खेळू लागलेल्यांनी तर जरूर लिहा.

*

मी नवीन, म्हणून लिहितेच. माझा हँडिकॅप 54, म्हणजे नियमाने जास्तीत जास्त मिळतो तेवढा. स्क्रँबल होती. चौघांनी मारायचं, त्यातला सगळ्यात चांगला बॉल निवडायचा आणि पुढचा फटका चौघांनीही तिथूनच खेळायचा. शिवाय प्रत्येकाचा टी-शॉट (होलवरचा पहिला फटका) निदान दोनदा तरी वापरायचा, अशी अट. या अटीची मला आदल्या रात्रीपासून धास्ती होती. आठ होल झाले, माझा एकही बॉल घेतला नव्हता. आमच्या टीममधले काका याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, फक्त प्रत्येक वेळी "सावकाश, ताई" म्हणायचे.

नववा होल पार तीनचा, म्हणजे तीन फटक्यांत पुरा व्हावा असा, समोर पाणी. तिघांचेही बॉल तळ्यात. मी सात नंबरचं आयर्न घेतलं. बॉल जेमतेम पाण्यापलीकडे पडला, ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) अलीकडे, पण कोरडा. काका चालत गेले, माझ्या बॉलशेजारी मार्कर ठेवला आणि म्हणाले, "आता इथून." तिघेही माझा बॉल पडला होता तिथून खेळले. माझी पाळी येईपर्यंत मी बाजूला उभी राहून बघत होते. आम्ही नववे आलो, चौदा टीममध्ये. मला ती जागा अजून डोळे मिटून सांगता येईल.

*

वरच्या ताईंचं वाचून फार आनंद झाला. नवीन माणसासाठी स्क्रँबलइतकीच चांगली दुसरी पद्धत म्हणजे स्टेबलफर्ड. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांच्या या पद्धतीने इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबवर 1932 साली स्पर्धा झाली, आणि आज जगभरच्या क्लबांत ती खेळतात. हँडिकॅपचे स्ट्रोक वजा करून पार झाला तर 2 गुण, बोगीला (पारपेक्षा एक जास्त) 1, बर्डीला (एक कमी) 3, ईगलला (दोन कमी) 4. बोगीहून वाईट गेलं की शून्य, आणि बॉल उचलून पुढच्या टीकडे चालायला लागायचं.

हे उचलणं मला शिकावं लागलं. गेल्या स्पर्धेत दुसऱ्याच होलवर दोन बॉल पाण्यात गेले. स्ट्रोक प्लेमध्ये, जिथे सगळे फटके मोजतात, ते दहा-अकरा दिवसभर पाठीवर बसले असते. इथे एक होल शून्य, बस्स. पुढचे तीन पार निघाले. 36 गुण म्हणजे आपल्या हँडिकॅपइतका खेळ. मला 35 आले आणि आणखी एकालाही तेवढेच. मग शेवटच्या 9 होलचे गुण पाहिले : त्याचे 19, माझे 18. सतराव्यावर एक छोटा पट घाईत मारला होता, तो डोळ्यांसमोर आला.

*

पिवळा बॉल कुणी खेळलंय का? टीमचा एकच पिवळा बॉल, दर होलला पुढच्याकडे जायचा, आणि ज्याच्याकडे असेल त्याचा स्कोअर धरायचाच. हरवला की तिथून पुढे टीमचा पिवळ्या बॉलचा हिशेब बंद. आम्ही तो सोळा होल जपला. सतराव्याला तो माझ्याकडे होता आणि उजवीकडे उंच गवतात गेला. शोधायला मिळतात तीन मिनिटं (2019 पूर्वी पाच होती). चौघेही ओणवे होऊन गवत चाळत होते. सापडला नाही. परतताना कुणीही माझ्याकडे रोखून पाहिलं नाही, याबद्दल त्या तिघांची मी मनापासून ऋणी आहे.

*

एक वेगळी बाजू मांडतो. माझ्या आधीच्या क्लबात शेवटून पहिल्या येणाऱ्याला सगळ्यांसमोर बोलावून लाकडी चमचा द्यायचे. हसण्यावारीच असायचं. पण त्या वर्षी माझा खांदा नुकताच बरा झाला होता, अठरा होल पुरे केले हीच माझ्यासाठी मोठी गोष्ट होती, आणि चमचा माझ्या हातात आला. टाळ्या पडल्या, फोटो निघाला. मला लागलं. त्यानंतर दोन वर्षं मी अशा दिवसांना गेलो नाही. जो खुशीने घेईल त्याला द्या, पण आधी हळूच विचारा, एवढंच म्हणणं आहे.

*

आमच्या क्लबात हे दिवस भरवण्याचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे वरचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्याकडेही चमचा आहे. तो आता बंद. त्याऐवजी 'नियर द पिन'चं (ज्याचा बॉल होलच्या सगळ्यात जवळ, त्याला) आणखी एक बक्षीस ठेवतो, पण तो होल सगळ्यात छोटा निवडतो, म्हणजे कोणीही जिंकू शकेल.

भरवणाऱ्याचा अनुभव सांगायचा तर खरा दिवस आदल्या संध्याकाळी असतो, जोड्या लावताना. शॉटगन स्टार्ट असली की अठरा होलवर अठरा फोरबॉल (चौघांचे गट) एकाच वेळी सुरू होतात, बहात्तर माणसं. सातव्यापासून निघालेला सहाव्यावर संपवतो, पण परततात सगळे एकदम. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त हँडिकॅप एकाच फोरबॉलमध्ये घालायचा, हे मी हट्टाने करते. सुरुवातीला कुरकुर व्हायची. गेल्या वेळी मात्र 4 हँडिकॅपवाला एक दादा ज्याला बंकरमधून बाहेर येणं जमत नव्हतं त्याच्यासोबत स्पर्धा संपल्यावर सराव बंकरमध्ये अंधार पडेपर्यंत उभा होता.

धागाकर्ते, दोरीची स्पर्धा पुढच्या महिन्यात घेतोय. कात्री प्रत्येकाला द्यायची की फोरबॉलमध्ये एक? आणि दोरी ताणून मोजायची का?

*

कात्री फोरबॉलमध्ये एकच, आणि ती मार्करकडे, म्हणजे स्कोअर लिहिणाऱ्याकडे. दोरी सुती घ्या, ती फार ताणली जात नाही. नायलॉनवरून आमच्या आठव्या होलवर बरीच चर्चा झाली होती. कापलेले तुकडे गोळा करायला प्रत्येक बॅगेत एक पिशवी द्या, नाहीतर ग्रीनवर पडतात.