सीनियर इयर: मुलाला इलेक्ट्रिशियन व्हायचंय, कॉलेजचे अर्ज करावेत की नाही?

मेघना_एडिसन

नमस्कार मंडळी. आमचा मुलगा न्यू जर्सीतल्या पब्लिक हायस्कूलमध्ये सीनियर इयरला, म्हणजे बारावीला आहे. गणित उत्तम, इंग्रजी बरं, वर्गात साधारण वरच्या पंधरा टक्क्यांत. उन्हाळ्यात एका इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडे हाताखाली होता. सामान वाहायचं, झाडलोट करायची, हवं ते हातात द्यायचं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. कंड्युट, म्हणजे वायरी ज्यातून नेतात तो पाइप, किती अंशात वाकवतात, पॅनलमध्ये वायरी कशा नीट लावतात, हे जेवताना मला समजावून सांगतो. शाळेबद्दल इतकं भरभरून तो कधी बोललेला नाही. आता म्हणतो, कॉलेज नको, युनियनची ॲप्रेंटिसशिप (काम करत करत शिकणं) करतो.

त्याच्या बाबांचं म्हणणं, आधी इंजिनियरिंगची डिग्री घे, मग काय हवं ते कर. दोघांत धड बोलणं होत नाही. पण ऑक्टोबर तोंडावर आलाय आणि यांचं एकमत होईपर्यंत तारखा थांबणार नाहीत. दोन्हीकडची तयारी एकाच वर्षात करता येते का? आणि तो कॉलेजला गेलाच नाही तर ५२९ मधले, म्हणजे त्याच्या शिक्षणासाठीच्या बचत खात्यातले, पैसे अडकून पडतील का? आम्ही तिघंही ग्रीन कार्डवर आहोत.

रानवारा

मेघनाताई, मी बांधकामाच्या साइटवर प्रोजेक्ट इंजिनियर आहे, माझा सगळा दिवस इलेक्ट्रिशियन लोकांबरोबरच जातो. तुमच्या मुलाचं वाचून फार बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

दोन्हीकडची तयारी नक्की करता येते, आणि करायलाच हवी. कारण ॲप्रेंटिसशिप म्हणजे "कॉलेज नाही जमलं तर" असला प्रकार नाही, तिथेही प्रवेशासाठी रांग असते. आयबीईडब्ल्यू ही युनियन आणि नेका ही कॉन्ट्रॅक्टरांची संघटना मिळून ती चालवतात. इमारतींच्या वायरिंगची, म्हणजे इनसाइड वायरमनची, ॲप्रेंटिसशिप साधारण पाच वर्षांची: किमान ८,००० तास प्रत्यक्ष काम आणि ९०० तास वर्ग. पहिल्या दिवसापासून पगार असतो आणि तो टप्प्याटप्प्याने वाढतो. प्रवेशासाठी हायस्कूल डिप्लोमा, अल्जिब्राचं वर्ष पास झाल्याचा पुरावा, मग बीजगणित आणि वाचन-आकलनाची परीक्षा, मग मुलाखत. गुणांप्रमाणे यादी लागते आणि नंबर येईपर्यंत थांबावं लागतं. अर्ज कधी उघडतात ते प्रत्येक लोकल, म्हणजे युनियनची स्थानिक शाखा, स्वतः ठरवते, काही ठिकाणी ती मुदत फार थोडी असते. त्यामुळे तुमच्या भागातली लोकल कुठली ते शोधून त्याने स्वतः फोन करावा. तुम्ही किंवा बाबांनी करू नका. मुलाखतीत त्यालाच बोलायचंय.

शाळेतून ट्रान्सक्रिप्टची (गुणपत्रकाची) अधिकृत प्रत आत्ताच मागवा, ड्रायव्हिंग लायसन्सचंही बघा. साइट रोज एका जागी नसते आणि पहाटे बस मिळत नाही. कामाची दुसरी बाजूही त्याला कळू द्या. जानेवारीत अर्धवट बांधलेल्या इमारतीत खिडक्या नसतात, बोटं बधिर होतात. एखाद्या पहिल्या वर्षाच्या आणि एखाद्या पाचव्या वर्षाच्या ॲप्रेंटिसशी त्याची गाठ घालून द्या, दोघं वेगवेगळं सांगतील.

आणि बाबांसाठी एक. अडथळा चुकवायला कंड्युट दोनदा वाकवून ३० अंशांचा ऑफसेट द्यायचा तर अडथळ्याच्या उंचीला २ ने गुणून दोन वाकांमधलं अंतर काढतात. ४५ अंशांना १.४ ने. साइटवर हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. ते का, हे त्याला विचारायला सांगा. साइन ३० म्हणजे अर्धा, म्हणून दोन. हे त्रिकोणमितीच आहे. हा विषय निघाला तर डिग्रीवरचं भांडण बाजूला ठेवून दोघांना बोलता येईल, असं मला मनापासून वाटतं.

पारिजातक

रानवारांशी सहमत. मी कॉलेजच्या बाजूचं सांगते, माझी मुलगी याच वाटेने गेली.

वर्गात वरच्या १५ टक्क्यांत असेल तर एनजे स्टार्स ही राज्याची स्कॉलरशिप बघाच. कम्युनिटी कॉलेजची ट्यूशन माफ होते. तिथून असोसिएट इन आर्ट्स किंवा असोसिएट इन सायन्स ही दोन वर्षांची पदवी पूर्ण केली की राज्याच्या ट्रान्सफर करारामुळे न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठांत ते क्रेडिट्स धरले जातात. मात्र असोसिएट इन अप्लाइड सायन्सला हा करार लागू नाही. नावं इतकी सारखी आहेत की फॉर्म भरताना मुलं सर्रास गोंधळतात. आणि इंजिनियरिंगला पुढे जायचं असेल तर कुठले कोर्स घ्यायचे ते आधीच विचारून ठेवा, नाहीतर क्रेडिट्स मिळूनही एखादा विषय राहून जातो.

फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, १ ऑक्टोबरपर्यंत उघडतो, ग्रीन कार्डवर भरता येतो आणि फुकट असतो. कॉलेजचं पक्कं नसलं तरी भरा. रटगर्स या सरकारी विद्यापीठाच्या अर्ली ॲक्शनची, म्हणजे लवकर अर्ज करून लवकर उत्तर मिळवण्याची, मुदत १ नोव्हेंबरला असते. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता खर्च किती येईल त्याचा अंदाज तो देतो; नवऱ्याबरोबर बसून तो भरा. पहिल्या वर्षी मुलाच्या स्वतःच्या नावावर फेडरल कर्ज जास्तीत जास्त ५,५०० डॉलर मिळतं, बाकीचं कुठून येणार हे आधी कागदावर दिसू दे. बहुतेक कॉलेजांना १ मेपर्यंत उत्तर द्यायचं असतं, म्हणजे निर्णय आत्ता घ्यायचाच नाहीये.

तो अठरा वर्षांचा झाला की हेल्थ केअर प्रॉक्सीवर, म्हणजे त्याच्या वतीने वैद्यकीय निर्णय घ्यायच्या अधिकारपत्रावर, सही घ्या. नंतर डॉक्टर त्याच्या परवानगीशिवाय तुम्हाला काही सांगणार नाहीत.

हिशेबनीस

५२९ बद्दल: पैसे अडकत नाहीत. २०१९ च्या कायद्यापासून लेबर डिपार्टमेंटकडे नोंदलेल्या ॲप्रेंटिसशिपची फी, पुस्तकं आणि लागणारी हत्यारं यांवर ते टॅक्स न लागता वापरता येतात. त्याचा कार्यक्रम नोंदणीकृत आहे ना, तेवढं विचारून घ्या. तरीही उरले, तर खातं पंधरा वर्षं जुनं झाल्यावर त्याच्याच रॉथ आयआरएमध्ये (निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात) आयुष्यभरात ३५,००० डॉलरपर्यंत वळवता येतात, दरवर्षीच्या मर्यादेत आणि तो कमावता असेल तर. ॲप्रेंटिस कमावता असतोच.

मेघना_एडिसन

किती आधार वाटला म्हणून सांगू! ५२९ चं वाचून दाखवल्यावर नवरा नुसता "बरं" म्हणाला, पण लगेच नेट प्राइस कॅल्क्युलेटर उघडून बसला. लोकलला फोन मुलगा सोमवारी करतोय.

एकच शंका: कॉमन ॲपच्या, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जाच्या, निबंधात त्याला उन्हाळ्यातल्या त्या कामावर लिहायचंय. काउन्सेलर म्हणतात ठीक आहे, मला धाकधूक वाटते. कॉलेजवाल्यांना वाटेल ना, याला यायचंच नाहीये?

रानवारा

लिहू द्या. ६५० शब्दांची मर्यादा आहे, त्यात "मला मेहनतीचं महत्त्व कळलं" वगैरे नको. कुठला पाइप, कुठे चुकीचा वाकला, परत कसा मोजला, एवढंच लिहायला सांगा. ॲप्रेंटिसशिपचा उल्लेख त्यात करायची गरज नाही. आणि तोच मजकूर पाठ न करता मुलाखतीतही सांगता येईल, तिथे हेच विचारतात.