दाब, जोर, शक्ती : हायड्रॉलिक्समध्ये कोणता शब्द कुठे?

प्रश्न : आयटीआयच्या मुलांना हायड्रॉलिक प्रेस मराठीतून शिकवते. शॉपमध्ये सगळे म्हणतात, 'पंप दीडशे केजी प्रेशर देतो'. पुस्तकात दाब, बल, शक्ती हे तीन शब्द वेगवेगळे आहेत, पण मुलं ते एकाच अर्थाने वापरतात. आणि 'द्रायू' म्हणजे तेलच ना?

उत्तर : ताई, त्या एका वाक्यात दोन गोष्टी अडकल्यात. आधी 'केजी'. पूर्ण म्हणायचं तर दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो. बोलण्याच्या ओघात चौरस सेंटिमीटर गळून गेला. गेजवर बार (दाबाचंच दुसरं एकक) असले तरी बिघडत नाही, १ केजी म्हणजे ०.९८ बार. पण गळालेलं क्षेत्रफळ मुलांच्या लक्षात आणून द्यायलाच हवं, कारण दाब आणि बल यांच्यातला फरक तोच आहे. १०० मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरचं क्षेत्रफळ ७८.५ चौ. सेंमी. त्यावर १५० केजी दाब म्हणजे ११,७७५ किलो, पावणेबारा टन जोर. बोअर निम्मा केला की दाब तोच, जोर मात्र पाव. (मला 'बल'पेक्षा 'जोर' जास्त पटतो, मुलांच्या तोंडी तो आहेच.)

आता 'देतो'. पंप दाब देत नाही, तेल देतो : मिनिटाला इतके लिटर. दाब तयार होतो अडथळ्यामुळे. मुलांना गेजसमोर उभं करा. रॅम, म्हणजे प्रेसचा दाबणारा दांडा, मोकळा खाली येतो तेव्हा काटा जेमतेम हललेला असतो. रॅम जॉबला (दाबायच्या वस्तूला) टेकला की काटा सरसर चढतो आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब झाला की तेल सोडून देणारा) १५० ला लावला असेल तर तिथे थांबतो. पंप तोच असतो. म्हणून कारागिरांचं 'प्रेशर बनतं' हे जास्त अचूक आहे.

शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. बार आणि मिनिटाचे लिटर गुणून ६०० ने भागा, किलोवॅट मिळतात. १५० बार आणि ४० लिटरला १० किलोवॅट; गळती-घर्षण धरून मोटर त्याहून मोठी लागते. वेगाचा हिशोब वेगळा : ४० लिटर भागिले ७८.५ चौ. सेंमी, म्हणजे सेकंदाला साधारण साडेआठ सेंमी. नुसता रिलीफ व्हॉल्व्ह आवळून रॅम पळत नाही.

आणखी एक उत्तर : द्रायू म्हणजे वाहणारं सगळं, द्रव आणि वायू दोन्ही. कॉम्प्रेसरमधली हवाही द्रायूच. तेलासाठी 'द्रव' म्हणा. १०० बारला तेल एक टक्काही आकसत नाही, हवा मात्र दबते, म्हणून लाइनमध्ये हवा राहिली की रॅम लगेच झटके खातो.

प्रश्न : मग तोच रॅम परत जाताना वेगात का जातो?

उत्तर : त्या बाजूला रॉडने जागा खाल्लेली असते. ५६ मिमीचा रॉड असेल तर ५३.९ चौ. सेंमीच उरतात. तेवढ्याच ४० लिटरला वेग सेकंदाला सव्वाबारा सेंमीच्या वर जातो, आणि १५० केजीला जोर आठ टनांवर येतो.