सेव्ह, लोड आणि ॲरे : 'साठवणे' की 'जतन करणे'?

प्रश्न

सोलापुरातील आमच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचे मराठी टिपण तयार करीत आहे. उदाहरणासाठी उजनी धरणातील पाणीसाठ्याची रोजची टक्केवारी घेतली आहे. ती ॲरेमध्ये (एकाच प्रकारच्या मूल्यांच्या क्रमवार मांडणीत) ठेवायची, फाइलमध्ये लिहायची आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्राममध्ये पुन्हा आणायची, एवढाच धडा आहे. 'सेव्ह'साठी साठवणे, जतन करणे, नोंदवणे यांपैकी कोणता शब्द घ्यावा? 'लोड'साठी काय लिहावे? आणि ॲरेला 'सारणी' म्हटलेले चालेल काय?

प्रतिसाद १

'सारणी' घेऊ नये. शाळेत वारंवारता सारणी शिकलेल्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे त्या शब्दाने ओळी-स्तंभांचा तक्ता येतो. एकमितीय ॲरेला तो बसत नाही आणि त्रिमितीय ॲरेला तर नाहीच. 'ॲरे' हाच शब्द पुल्लिंगी वापरावा.

'साठवणे' आणि 'जतन करणे' यांत मात्र निवड करण्यापेक्षा दोन्ही ठेवावेत, असे मला वाटते. साठवणे म्हणजे एका जागी ठेवणे. 'जतन' हा शब्द संस्कृत 'यत्न'पासून आलेला असल्यामुळे त्यात वस्तू आहे तशी टिकवण्याची काळजीही येते. ॲरे हाताळण्यासाठी पायथनला जोडले जाणारे जे नमपाय, त्यात हा भेद प्रत्यक्ष दिसतो. 'टोफाइल' ही क्रिया ॲरेतील मूल्यांचे नुसते बाइट एकापुढे एक लिहिते. मूल्ये कोणत्या प्रकारची होती आणि ॲरेचा आकार काय होता, यांपैकी काहीच फाइलमध्ये राहत नाही. आपल्याच उदाहरणात दोन वर्षांच्या नोंदी २ बाय ३६५ अशा ॲरेत असतील, तर परत वाचताना ७३० संख्यांची एक सरळ रांग हाती येईल.

त्याहून वाईट गोष्ट प्रकाराची. उजनी मृतसाठ्याच्या, म्हणजे तळाशी राखलेल्या पाण्याच्या, पातळीखाली गेली की टक्केवारी वजा होते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. समजा, ही टक्केवारी ८ बिटांच्या (एका बाइटच्या) चिन्हांकित, म्हणजे वजा मूल्येही मावणाऱ्या, पूर्णांकांत लिहिली (साठा शंभराच्या थोडा वर गेला तरी १२७च्या आत राहतो, म्हणून ते शक्य आहे) आणि वाचताना चिन्हरहित (वजा मूल्ये नसलेला) पूर्णांक असा प्रकार दिला, तर −१२ या नोंदीच्या जागी २४४ दिसेल. बाइट तोच, फाइल शाबूत, कोणतीही त्रुटी-सूचना नाही, आणि ऐन उन्हाळ्यात धरण दुथडी भरलेले!

याउलट 'सेव्ह' ही क्रिया एनपीवाय या नमपायच्या स्वतःच्या प्रकारची फाइल तयार करते. तिच्या आरंभी १४७ मूल्याचा एक बाइट, त्यापुढे नमपाय या नावाची पाच रोमन अक्षरे, मग आवृत्ती, आणि त्यानंतर मूल्यांचा प्रकार, त्यांच्या मांडणीचा क्रम व ॲरेचा आकार सांगणारे वर्णन असते. प्रत्यक्ष मूल्ये त्याच्यामागून येतात. म्हणून पहिल्या क्रियेला 'साठवणे' आणि या क्रियेला 'जतन करणे' म्हणावे. 'नोंदवणे' हा शब्द मोजणी लिहून घेण्यासाठी राखून ठेवलेला बरा.

प्रतिसाद २

'लोड'ला 'भार' किंवा 'लादणे' कृपया लिहू नका. भार म्हटल्यावर आपल्याकडे भारनियमन आठवते, आणि नुसता 'लोड' तर गादीवर टेकायलाही असतो. आमच्या घरी जॅकार्डचे, म्हणजे नक्षीदार कापड विणणारे, माग होते. नक्षीची भोके पाडलेली कार्डे माळेसारखी ओवून मागावर चढवीत असत, त्यामुळे 'चढवणे' हा शब्द मला मनापासून आवडला असता. एका हुकसंख्येसाठी (हुक म्हणजे ताण्याचे धागे उचलणाऱ्या आकड्या) पाडलेली माळ दुसऱ्या हुकसंख्येच्या जॅकार्डवर चालत नाही, हे आकाराचे म्हणणेही तिथे लागू पडते. पण अलीकडे संकेतस्थळावर फाइल पाठवण्याला लोक 'चढवणे' म्हणू लागले आहेत, म्हणजे दिशाच उलटी झाली. तेव्हा वर्णनात 'फाइलमधून वाचून घेणे' आणि क्रियेचे नाव घेताना 'लोड करणे' असे लिहावे.

प्रश्नकर्ता

दोन्ही सूचना मान्य आहेत. मग ॲरे मजकुराच्या फाइलमध्ये लिहिणारे नमपायचे 'सेव्हटीएक्सटी' कोणत्या बाजूला ठेवावे? आणि त्याच्या विरुद्ध बाजूच्या, नुसत्या बाइटांच्या फाइलला 'द्विमान फाइल' म्हणावे काय?

प्रतिसाद १

ते मधले प्रकरण आहे. फाइल माणसाला वाचता येते, दोन मितींपर्यंतच्या ॲरेच्या ओळी ओळींतच राहतात. पण मूल्यांचा प्रकार लिहिला जात नाही. ती फाइल परत वाचणाऱ्या 'लोडटीएक्सटी'ला वेगळे काही सांगितले नाही, तर पूर्णांकही दशांश संख्या होऊन परत येतात. त्रिमितीय ॲरे ते स्वीकारतच नाही. त्याला 'मजकूररूपात लिहिणे' म्हणावे, जतन म्हणू नये. 'द्विमान' हा संख्यापद्धतीचा शब्द आहे आणि मजकुराची फाइलही शेवटी बिटांचीच असते. त्यामुळे 'मजकूर फाइल' व 'बायनरी फाइल' अशी जोडी ठेवावी.

प्रतिसाद ३

वर 'आकार' हा शब्द सहज वापरला गेला आहे, पण नमपायमध्ये 'शेप' आणि 'साइझ' असे दोन वेगळे गुणधर्म आहेत आणि मराठीत 'आकार' दोन्हींना लागतो. २ बाय ३६५ हा 'शेप', तर ७३० ही 'साइझ'. माझ्या मते पहिल्याला 'आकार' व दुसऱ्याला 'घटकसंख्या' म्हणावे. 'आकारमान' टाळावे, कारण विद्यार्थी त्याचा अर्थ फाइलने डिस्कवर व्यापलेली जागा असा घेतील. ८ बिटांच्या पूर्णांकांत जतन केलेल्या आपल्या उदाहरणात ती ७३० बाइट आणि वर आरंभीच्या वर्णनाचे बाइट इतकी भरेल.