संत्र्याचा जॅम मे महिन्यापर्यंत टिकवायचाय, बाटल्या उलट्या ठेवून चालतं का?

मृगबहार: नागपूरच्या कळमना बाजारातून एक कॅरेट संत्री आणली, अर्धी खाऊन झाली, उरलेल्यांचा जॅम करून राहिले. मागच्या वर्षी गरमगरम भरून बाटल्या उलट्या ठेवल्या, सासूबाई म्हणे असंच करतात, तरी एप्रिलमधे तीन बाटल्यांवर बुरशी. वरची काढून खालचा खाणार होते, नवऱ्याने फेकायला लावला. आता वरून मेण ओतू की कुकरमधे शिट्ट्या देऊ? फ्रीजमधे जागा नाही हो.

गंजवाली: फेकला ते बरंच केलं, बुरशी दिसते वर पण खालपर्यंत गेलेली असते. उलटं ठेवून झाकण चिकटतं पण सील कच्चंच. मी मोठ्या गंजात (पातेल्यात) तळाशी जुनं फडकं घालते (नाहीतर बाटली तडकते, माझी तडकलीय), गरम बाटल्यांत उकळता जॅम, वर पाव इंच जागा, काठ नीट पुसायचा कारण तिथे थेंब राहिला की झाकण बसतच नाही. झाकणं नवीनच घ्या. मग झाकणावर इंचभर पाणी येईल असं बुडवून, पाणी खळखळ उकळलं की तिथून 10 मिनिटं. दुसऱ्या दिवशी झाकण मधे दाबा, टक वाजलं तर सील नाही, ती बाटली फ्रीजमधे.

जुनीखोड: मेण आमची आजी ओतायची. थंड झालं की आकसतं, कडेने फट पडते, अन् आपल्या 45 डिग्रीत मऊ पडतं ते वेगळंच. नका करू.

शिट्टीनको: कुकर काहून पाहिजे? जॅम आंबट असतो, त्याला उकळतं पाणी पुरतं. प्रेशरचं कॅनिंग (दाबाखाली तापवून बाटलीबंद करणं) मटार, मटण असल्या बिनआंबट गोष्टींसाठी, त्याला 116 ते 121 डिग्री लागते अन् त्याचं भांडंही वेगळं असतं, घरच्या कुकरच्या शिट्ट्यांवर ते होत नाही. संत्री गोड असतील तर लिंबू पिळा. बिया मात्र आधीच काढा, कडू होतो. अन् साखर किती घातली होती?

मृगबहार: अर्धीच, सासऱ्यांना शुगर आहे म्हणून 😬

शिट्टीनको: तिथेच घोळ झाला असेल ना मग! गराच्या बरोबरीने घाला, 104-105 डिग्रीपर्यंत आटवा. कमी साखरेचा वेगळा करा, छोट्या बाटल्यांत, उघडला की फ्रीजमधे ठेवून लवकर संपवा.

मृगबहार: केला! आठपैकी सात बसल्या. आठवी टक टक करून राहिली होती, फ्रीजपर्यंत पोचलीच नाही, पोळीसोबत अर्धी संपली.