खाऱ्या पाण्याची टाकी आणि सांगलीची लाईट

विषय: टाकीला बॅकअप (वर्गणीचा धागा वेगळा आहे, तिकडेही बघा!)

नमस्कार मंडळी,

ह्यूस्टन सोडून सांगलीला परतलो त्याला दोन वर्षं झाली, पण तिकडच्या मराठी मंडळाच्या ई-मेल यादीतून नाव काढलेलं नाही. तुमची भांडणं वाचल्याशिवाय सकाळचा चहा जात नाही. आज मात्र माझंच काम आहे.

तिकडची खाऱ्या पाण्याची हौस मी इथे विश्रामबागेत पुन्हा मांडली. चार फुटी टाकी, खालची जोडटाकी (संप) धरून 300 लिटर पाणी, दोन क्लाउनफिश, एक कोळंबी, थोडे सॉफ्ट कोरल. परवा वळीव झाला आणि रात्री साडेनऊला लाईट गेली. इन्व्हर्टर लागला, पंप सुरू राहिले, जरा घुं घुं करत होते. म्हटलं, चला, जमलं. दोन पंखे, दोन ट्यूब, आईची मालिका, सगळं व्यवस्थित चालू. साडेबाराला इन्व्हर्टरने टीं टीं केलं असणार, आम्ही गाढ झोपेत.

तीनला उकाड्याने जाग आली. पाय खाली टाकला तर चटई ओली. टॉर्च मारला: संप भरून वाहिलेला, मिठाचं पाणी एक्स्टेंशन बोर्डापासून वीतभर लांब, आणि दोन्ही क्लाउन वरच्या कोपऱ्यात तोंड पाण्याबाहेर काढून धापा टाकतायत. कल्ले कसे फडफडत होते ते अजून डोळ्यांसमोर आहे. मी देव्हाऱ्याजवळचा पितळी तांब्या उचलला, टाकीतलंच पाणी घेऊन उंचावरून ओतायला. बायकोने तो हातातून ओढूनच घेतला. "पितळ आहे ते, कोळंबी मारायचीय का?" बरोबर होतं तिचं, पितळेतल्या तांबे धातूचा अंश कोळंबीला आणि कोरलला विष. मग बाथरूममधला प्लॅस्टिकचा मग धुऊन घेतला. साडेपाचला लाईट येईपर्यंत आळीपाळीने ओतत होतो. मासे वाचले. कंबर गेली.

आता काय करू? मोठा इन्व्हर्टर, जनरेटर, की हौस बंद?

– सांगलीकर

---

उत्तर:

दादा,

हौस बंद करू नका, इन्व्हर्टरचा मोठेपणाही नको. मी मूळची मिरजेची, आता ह्यूस्टनमध्ये, कामाने इलेक्ट्रिकल आणि घरात टाकी, म्हणून जरा लांबण लावते.

तुमचे मासे श्वासाविना तडफडत होते. गोड्या पाण्यात 25 अंशांना लिटरमागे 8 मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास, आणि 30 अंशांना सहाच्या थोडा वर. म्हणजे मुळात शिल्लक कमी, त्यात सांगलीचा मे महिना. वर रात्र. कोरलमधलं शेवाळ उजेडात ऑक्सिजन सोडतं, अंधारात तेही इतरांसारखंच घेतं. पाण्याचा पृष्ठभाग हलला नाही की वरून नवीन ऑक्सिजन उतरत नाही. म्हणून लाईट गेली की दिवे, स्किमर (घाण काढणारा), चिलर (पाणी गार करणारा) सगळं विसरा. फक्त पाणी हललं पाहिजे.

आता हिशोब. तुमची 12 व्होल्ट 150 अँपिअर-अवर बॅटरी असेल असं धरते. कागदावर 1,800 वॉट-तास. निम्मी तरी वाचवून ठेवायची, इन्व्हर्टरही थोडं खातो, जुनी असेल तर आणखी घट. हातात 900 धरा. दोन पंखे 150, टीव्ही 80, ट्यूब 40, रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर टाकीत नेणारा) 40, वेव्ह पंप (टाकीतलं पाणी हलवणारा) 15. झाले 325 वॉट. साडेनऊ ते साडेबारा, बरोबर ना? बॅटरीने काही दगा दिला नाही. त्यात माशांचा वाटा जेमतेम एक षष्ठांश होता, तोच शेवटी उपाशी राहिला.

तेव्हा टाकीची शिदोरी वेगळी बांधा. 12 व्होल्टची 20 अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी, म्हणजे साधारण 256 वॉट-तास. तिच्यावर थेट डीसीचा 8 वॉटचा वेव्ह पंप, तोंड पृष्ठभागाकडे तिरकं करून. चोवीस तास आरामात निघतात. घरच्या इन्व्हर्टरचा तिला हातही लागू देऊ नका. जुलै 2024 मध्ये बेरिल वादळात इथे ह्यूस्टनला 20 लाखांवर ग्राहकांची वीज गेली तेव्हा आम्ही तीन दिवस असंच काढलं. बॅटरी अधूनमधून गाडीवर चार्ज करत होतो. फ्रीजमधलं सगळं गेलं, टाकी राहिली.

ती घुंघुं स्क्वेअर वेव्हची, म्हणजे साध्या इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीच्या विजेची. एसी पंपांना ती मानवत नाही, गरम होतात. इन्व्हर्टर बदलायची वेळ आली की प्युअर साइन वेव्हचा (घरच्या लाईटसारखी गुळगुळीत लहर देणारा) घ्या, त्यासाठी मुद्दाम बदलू नका.

चटई ओली झाली ती सायफनमुळे. रिटर्नच्या पाइपाचं तोंड पाण्यात खोल आहे ना? पंप थांबला की त्याच वाटेने टाकी खाली उतरते. पृष्ठभागाच्या जेमतेम खाली त्या पाइपाला छोटं भोक पाडा. पाणी तिथवर आलं की हवा शिरते आणि सायफन तुटतो. भोक महिन्यातून एकदा टाचणीने साफ करा. चेक व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) विसंबू नका, त्यावर मीठ-चुना बसला की तो नावालाच उरतो. आणि तो बोर्ड आजच भिंतीवर वर न्या, वायरला खाली झोळ देऊन, म्हणजे थेंब वायरवरून बोर्डात जाणार नाहीत. हे पहिलं करा, बाकीचं नंतर.

कॅनिस्टर फिल्टर (बंद डब्यातला) आहे का? असेल तर चार-पाच तास बंद राहिल्यावर तसाच सुरू करू नका. आतलं पाणी कुजतं, ते फेकून मगच चालू करा.

लाईट नसताना खायला घालू नका. "बिचारे घाबरलेत" म्हणून आईने चिमूटभर टाकलं की पचवायलाही ऑक्सिजन लागतो.

– मिरजेची

---

उत्तर:

मंडळाच्या यादीवर मासे! बरं. वर्गणीच्या मेलला अकरा जणांनी उत्तर दिलं, याला बघू किती येतात.

मी आता ह्यूस्टनजवळच्या केटीत, पण मूळचा सांगलीच्या गावभागातला, म्हणून एक सांगतो. वळवाची लाईट काही तासांची. कृष्णेच्या पुराची वेगळी. आयर्विन पुलापाशी 45 फुटांना धोक्याची पातळी, 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. पाणी चढलं की वीज मुद्दामच तोडतात आणि ती काही दिवस येत नाही. तुमचं विश्रामबाग उंचावर आहे, तरी लाईट जायला पाणी दारात यावं लागत नाही. चोवीस तासांच्या बॅटरीचं दुसऱ्या दिवशी काय?

जनरेटर घेणार असाल तर गॅलरीत किंवा जिन्यात ठेवू नका. त्याचा धूर माणसांना मारतो, आणि एअर पंप तीच हवा टाकीत ओढतो.

– केटीचे काका

---

उत्तर:

काका, आधी तुमचं: वर्गणी भरली, पावती पाठवा.

ताई, बोर्ड त्याच संध्याकाळी वर गेला. भोक पाडलं. कॅनिस्टर आहे, आणि मी तो तसाच सुरू केला होता! दुसऱ्या दिवशी उघडला तर सडक्या अंड्याचा वास. मासे कसे वाचले देव जाणे.

बॅटरी आणली, आणि काकांच्या दुसऱ्या दिवसासाठी गच्चीवर 50 वॉटचं छोटं सोलर पॅनेल, चार्ज कंट्रोलरसकट. पावसाळ्यात काय देईल ते देईल, नाहीतर गाडी आहेच. जनरेटर रद्द.

रविवारी दुपारी स्वतःच मेन स्विच पाडला. संप काठापासून दोन बोटांवर येऊन थांबला. मी तिथेच उकिडवा बसून बघत होतो, बायको म्हणाली, इतकं बारशातही बघितलं नव्हतंस. पाणी मात्र दोन तासांत 27 वरून 29 वर गेलं. मग डीप फ्रीजरमधल्या बर्फाच्या बंद बाटल्या संपमध्ये सोडल्या, एकावेळी एकच. यूएसबीचा छोटा पंखा पृष्ठभागावर लावला. त्याने पाण्याची वाफ होते, मीठ राहतं, म्हणून भर आरओच्या पाण्याचीच घातली, मिठाच्या नव्हे. 27 वर आलं.

सहा तास चालवायची टेस्ट साडेसहाला थांबवावी लागली. आईने मेन स्विच स्वतःच वर केला. सातला तिची मालिका होती.

– सांगलीकर