गाळ काढण्याच्या कामाला पर्यावरण मंजुरी लागते का? मदत हवी आहे

नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका मच्छीमार सहकारी संस्थेच्या कार्यकारिणीवर आहे. खाडीच्या मुखाशी वाळू साचून ओहोटीला होड्या बाहेर पडेनाशा झाल्या, त्यामुळे गाळ काढावा ही मागणी मूळची आमचीच होती. मात्र मंजूर झालेल्या कामात जुना मार्ग मोकळा करण्याबरोबरच तो रुंद करणे, मुखाजवळचा खडक फोडणे आणि लाटरोधक बंधारा लांबवणे हेही आहे. हे सर्व देखभालीचे काम असल्याने मंजुरीची गरज नाही, असे संबंधित कार्यालयाने तोंडी सांगितले; लेखी उत्तर अद्याप दिलेले नाही. पावसाळ्यापूर्वी नळे परतणे ही घराची देखभाल झाली, पण माडी चढवणे हीसुद्धा देखभालच का?

कोणत्या कामांना आधी पर्यावरण मंजुरी लागते ते ठरवणाऱ्या १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेत (ईआयए) ७(ई) या नोंदीखाली बंदरे, लाटरोधक बंधारे आणि गाळउपसा येतात. डिसेंबर २००९ च्या दुरुस्तीतील टिपेनुसार नव्याने खोली वाढवण्याचे काम मंजुरीच्या कक्षेत आहे; देखभालीच्या गाळउपशाला सूट आहे, परंतु तो मूळ प्रस्तावाचा भाग असेल, त्यासाठी पर्यावरण व्यवस्थापन आराखडा झालेला असेल आणि मंजुरी मिळालेली असेल तरच. आमचे बंदर १९८० च्या दशकातील आहे आणि त्याला अशी मंजुरी कधी मिळालेलीच नाही. मग ही सूट कशाच्या आधारावर मिळते?

दुसरी शंका अशी, की मासेमारी बंदरासाठी या नोंदीत वर्षाला १०,००० टन मासळीची मर्यादा आहे आणि आमच्याकडे तेवढी मासळी उतरत नाही. तेवढ्यावरून ही नोंद आम्हाला लागूच होत नाही, असे समजायचे का? प्रक्रियाच लागू झाली नाही, तर जनसुनावणीचा प्रश्नही उरत नाही. आमच्या बायका ओहोटीला ज्या पट्ट्यात तिसऱ्या आणि कालवे ही शिंपली काढतात, त्याच्या शेजारीच उपसलेला गाळ टाकणार असल्याचे कानावर आले आहे, म्हणून ही घाई.

प्रतिसाद:

तुमचा पहिला मुद्दा मला बिनतोड वाटतो. मूळ मंजुरीच नसेल, तर त्या टिपेतील सुटीला टेकायला जागा नाही. दुसऱ्या मुद्द्यात एक बारकावा आहे: मर्यादा हाताळणीच्या क्षमतेची आहे, प्रत्यक्ष उतरणाऱ्या मासळीची नव्हे. म्हणून विस्तारानंतरची क्षमता प्रकल्प अहवालात किती दाखवली आहे ते आधी पाहा.

ती मर्यादेखाली निघाली तरी विषय संपत नाही. १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार ओहोटी रेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी आणि भरतीचे पाणी जाते तेथवरची खाडी, दोन्ही सीआरझेड-४ या पाण्याच्या क्षेत्रासाठीच्या वर्गात येतात; बंधारा लांबवायचा तर प्रस्ताव राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जायला हवा. माहिती अधिकारात प्रकल्प अहवाल, कामाचे परिमाणपत्रक (कोणते काम किती, याची यादी), मार्गाची मूळ आणि प्रस्तावित खोली-रुंदी दाखवणारे नकाशे आणि गाळ टाकण्याच्या जागेची परवानगी मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. खडक फोडण्याची बाब परिमाणपत्रकात वेगळी लिहिलेली सापडली, तर ‘देखभाल’ हा शब्द त्यांनाच टिकवता येणार नाही. मंजुरी दिल्याचे आढळल्यास मात्र थांबू नका, कारण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील ३० दिवसांत करावे लागते आणि सबळ कारण असेल तरच आणखी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आपल्यासाठी त्याचे पीठ पुण्यात आहे.