आजीच्या आठवणी लिहून काढायच्या आहेत, माहेरचं गाव कोयनेत बुडालेलं. सुरुवात कुठून करू?

कोयनाकाठ:
आजी 86 वर्षांची. माहेरचं गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलं, माणसं सोलापूरकडे उठून गेली. मोबाइल समोर धरून "जुनं काहीतरी सांग" म्हटलं की "त्यात काय सांगायचं!" एवढंच उत्तर. साल एकही आठवत नाही. घरात जुन्या मोडी लिपीतले चार कागद आणि चिकट पानांचा फोटो-अल्बम आहे. शेवटी घरापुरतं शंभरेक पानांचं पुस्तक करायचंय.

जुनीवही:
"जुनं काहीतरी" याला कुणीच उत्तर देऊ शकत नाही. जागा विचारा, वस्तू विचारा. पहिली बैठक नकाशाची करा. जमिनीवर चादर पसरा, नदी म्हणून दोरी टाका आणि काडेपेट्या, वाट्या, डब्यांची झाकणं आजीच्या हातात द्या. देऊळ कुठं? पाणवठा कुठं? तुमच्या दाराला दार कुणाचं? हात चालायला लागला की तोंडही चालतं. उठण्याआधी वरून फोटो काढा, त्याच दिवशी कागदावर उतरवून घराघरावर नावं घाला.

साल विचारूच नका, खुणा विचारा. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967च्या पहाटेचा. "भूकंपाच्या वेळी थोरला पोटात होता, अंगावर होता, की चालत होता?" एवढ्यावर जन्मसाल वर्षभराच्या फरकाने सापडतं. पुढची खूण 1972चा दुष्काळ: खडी फोडायला कोण गेलं, सुकडी (दुष्काळात वाटलेलं खाणं) कुणी आणली. असं काढलेलं साल "सु. 1966" (सुमारे 1966) असंच लिहा. "सु." गाळलात की पुढची पिढी तो अंदाज दाखल्यासारखा धरून चालते.

रेकॉर्डिंगला फोन विमान मोडवर, पंखा बंद. फोन उघड्या टेबलावर नको (बांगड्यांचा प्रत्येक आवाज येतो), घडी घातलेल्या टॉवेलवर, आजीपासून दोन वितींवर. रेकॉर्डिंग अॅपच्या सेटिंगमध्ये वेव्ह (आवाज न दाबणारी) फाइल, मोनो, 44.1 किलोहर्ट्‌झ, 16 बिट ठेवली तर तासाला साधारण 320 एमबी लागतात. सुरुवातीला तारीख, जागा आणि कोण कोण बसलंय ते मोठ्याने बोला. चाळीस मिनिटांत थांबा. तासाभराचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास सहज जातात, म्हणून आधी फक्त मिनिटांची यादी करा: 04:10 पाणवठा, 11:30 लग्नाची वरात. पूर्ण उतरवायचं काय, ते त्यावरून ठरतं.

शकसंवत:
मोडी कागदांना आधी हात लावू नका म्हणजे झालं! लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही. घडीवर तुटत असेल तर जबरदस्तीने सपाट करू नका. स्कॅनची बारकाई (डीपीआय) कागदाला 400, फोटोला 600 ठेवा, आणि मागची बाजूही स्कॅन करा. नावं तिथेच असतात. चिकट अल्बममधून फोटो ओढला की फाटतो. दातांत फिरवायचा धागा फोटोखालून हळूहळू सरकवा. नाही निघाला तर पानासकट स्कॅन.

मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घही बहुधा पाळत नाहीत, त्यामुळे आडनावं आणि गावांची नावं वाचणाऱ्याला आधी कळवा. नाहीतर भलतंच वाचलं जातं. कागदावर शक असेल तर इसवी सनासाठी चैत्रापासून डिसेंबरअखेर 78 मिळवा, जानेवारी ते फाल्गुन 79. फसली साल (जुन्या महसुली कागदांतलं) जूनमध्ये बदलतं: डिसेंबरपर्यंत 590 मिळवा, त्यानंतर मेअखेर 591. हा फरक विसरल्याने वंशावळीत मुलगा बापाच्या लग्नाआधी जन्मलेला दिसतो.

खिळेजुळारी:
उतरवताना "गेलती", "व्हतं" तसंच ठेवा. प्रमाण मराठीत धुऊन काढलेली आजी कुणाचीच आजी राहत नाही. अनोळखी शब्दाचा अर्थ पानाखाली द्या.

मजकूर युनिकोडमध्येच (कुठल्याही फोन-संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत) टाइप करा. छपाईवाला तो त्याच्या जुन्या फाँटमध्ये बदलून घेईल, तेव्हा पीडीएफशिवाय तपासलेला युनिकोड मजकूरही परत मागा. जुन्या फाँटची फाइल तो फाँट नसलेल्या मशीनवर उघडली की नुसती अक्षरांची भेळ. आणि बदलताना रफार, जोडाक्षरं हमखास बिघडतात, म्हणून मुद्रित (छपाईआधीची तपासायची प्रत) आजीच्या नावापासून तपासा. 25-30 प्रती असतील तर डिजिटल छपाई, पानं चारच्या पटीत. घरापुरत्या पुस्तकाला आयएसबीएन (पुस्तकाचा नोंदणी क्रमांक) लागत नाही.

कोयनाकाठ:
नकाशाचं डोक्यातच आलं नव्हतं. एक राहिलं: आजी मधेच भावकीच्या जमिनीच्या वादावर येते. ते ठेवायचं का?

जुनीवही:
रेकॉर्डिंगमध्ये ठेवा, कापू नका. पुस्तकात घ्यायचं का, ते आजीलाच विचारा आणि तिचं उत्तरही रेकॉर्ड करा. ती नको म्हणाली तर ती फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, कुणी आणि कधीनंतर ऐकायची ते लिहून. भाऊ वेगळं सांगत असेल तर दोन्ही हकिकती नावानिशी शेजारी छापा, मधला तिसरा निवाडा तुम्ही देऊ नका. आणि फायली घरच्या ग्रुपवर पाठवायच्या तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर फोटो बारीक होऊन पोचतात.